रेल्वेत कंडक्टर व्हायचंय? आधी क्लासची फी भरू नको, हे वाच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहिलंयस की बी.कॉम. झालंय, राहायला सोलापुरातच आहेस, रेल्वेत कंडक्टर व्हायचंय, आणि एका क्लासवाल्यानं सांगितलंय की आधी सहा महिन्यांचा 'रेल्वे कंडक्टर कोर्स' कर, ४५ हजार फी, सर्टिफिकेट हातात आलं की भरतीत प्राधान्य मिळतंय. तर तो कोर्स करू का, खरं ट्रेनिंग कुठं होतं, त्यात काय शिकवतात, आणि आई म्हणते रात्रीची नोकरी नको, तिला काय सांगू. मी सोलापूर डिव्हिजनला पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनात गाडीसाठी रूळ बदलून देणारा, म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन गार्ड झालो, मालगाडी, पॅसेंजर करत करत आता मेल-एक्सप्रेसवर आहे, सगळी मिळून सत्तावीस वर्षं झाली. तू माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

पहिली गोष्ट, पैसे भरू नको. भरले असशील तर उद्याच जाऊन परत माग. रेल्वेच्या भरतीत असल्या कुठल्याही सर्टिफिकेटला एक मार्कसुद्धा नाही. हा घोळ होतो एसटीमुळं, कारण एसटीत कंडक्टर व्हायचं तर आधी आरटीओचा बॅज काढावा लागतो, मग लोकांना वाटतं रेल्वेतपण तसंच काहीतरी असणार, आणि त्या वाटण्यावर हे लोक दुकान चालवतात. रेल्वेत उलटं आहे. आधी तू परीक्षा पास होतोस, मेडिकल पास होतोस, मग रेल्वे स्वतःच्या शाळेत नेऊन स्वतःच्या पैशानं तुला शिकवते, वर त्या काळात स्टायपेंड देते, आणि मधेच सोडून जाऊ नये म्हणून बाँड लिहून घेते. भरतीआधी हे काम तुला बाहेर कुणी शिकवूच शकत नाही, कारण शिकायला गाडी लागते, सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, लागतो, आणि ते रेल्वेशिवाय कुणाकडं नाही. बापानं घाम गाळून जमवलेले ४५ हजार असतात रे ते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडं अशी चार-पाच पोरं येऊन गेली, एकानं तर आईची बोरमाळ मोडली होती, ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नव्हती.

आता कंडक्टर म्हणजे तुला नक्की काय व्हायचंय ते बघू. आपल्याकडं रेल्वेत लोक ज्याला कंडक्टर म्हणतात त्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. एक काळ्या कोटातला टीसी, टीटीई, म्हणजे तिकीट तपासणारा, तो कमर्शियल खात्याचा माणूस. दुसरा गाडीच्या शेवटच्या डब्यात पांढऱ्या कपड्यात हिरवा झेंडा घेऊन उभा असतो तो गार्ड, त्याचं नाव जानेवारी २०२२ पासून बदलून ट्रेन मॅनेजर केलंय, पण लॉबीत, म्हणजे आम्ही हजेरी लावतो तिथं, अजून सगळे गार्डच म्हणतात. इंग्रजी सिनेमात नाहीतर परदेशात ज्याला कंडक्टर म्हणतात, गाडीचा ताबा ज्याच्याकडं असतो, ते काम आपल्याकडं गार्डचं. तू 'गाडी सोडणारा' असं लिहिलंयस, म्हणजे तुला गार्डच म्हणायचंय असं धरून पुढं लिहितो. टीसीचंच मनात असलं तरी ऑनलाईन परीक्षा याच घराण्यातली आहे, फक्त डोळ्यांची अट तिकडं सौम्य आहे, चष्मा चालतो.

डोळ्यांवर मला जरा जास्त बोलायचंय. पोरं दोन-दोन वर्षं अभ्यास करतात, दोन्ही पेपर काढतात, घरात पेढे वाटून होतात आणि मेडिकलला बाहेर पडतात. गुड्स ट्रेन मॅनेजरला ए-टू दर्जाची मेडिकल लागते. म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/९ पाहिजेत, जवळचंही चष्म्याशिवाय नीट दिसलं पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत, रात्रीच्या नजरेचीही तपासणी होते. रंगाच्या तपासणीत ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यातला आकडा वाचायचा, आणि अंधाऱ्या खोलीत कंदिलाच्या बारीक भोकातून लाल-हिरवा दाखवतात. बऱ्याच जणांना आपल्याला रंग कमी दिसतो हे त्या खोलीतच पहिल्यांदा कळतं, तोवर चोवीस वर्षांचा झालेला असतो आणि त्याला कधी अडलेलं नसतं. आणि लेझरनं नंबर घालवला की काम होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, लॅसिक केलेल्याला या दर्जात घेत नाहीत. म्हणून पुस्तकं घ्यायच्या आधी एखाद्या चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, रेल्वेच्या ए-टूसाठी तपासायचंय असं सांग, आणि रंगाची तपासणी करून घे. दोन-तीनशे रुपयाचं काम आहे, त्यावर तुझी पुढची दोन वर्षं ठरतात. नाही बसलं तर वाईट वाटेल, पण मग त्याच परीक्षेतून दुसऱ्या पोस्टा आहेत, त्यांचं ध्येय ठेव.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो, ते सगळीकडं मिळतं. आरआरबी, म्हणजे रेल्वे भरती बोर्ड, त्याची एनटीपीसी नावाची परीक्षा, पदवीवाली जाहिरात. आपली सेंट्रल रेल्वे मुंबई बोर्डात येते. पहिला पेपर १०० प्रश्न ९० मिनिटं, दुसरा १२० प्रश्न ९० मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, चुकलं की एक तृतीयांश मार्क कापला. पेपर मराठीत देता येतो, लाजू नको, मराठीत दे. स्टेशन मास्तरला तो वेगळा ॲप्टिट्यूडचा पेपर असतो, गार्डला नाही, दुसऱ्या पेपरच्या मार्कावर सरळ कागदपत्रं आणि मेडिकल. फॉर्मची फी ५०० असते, पहिला पेपर दिलास की ४०० परत येतात, म्हणून बँक खातं नीट भर. सुरुवातीचा पगार लेव्हल पाच, मूळ २९,२००. वयाची अट मात्र त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत स्वतः वाच, क्लासच्या व्हॉट्सॲपवरून नाही.

आता ट्रेनिंग. आपल्या लोकांना भुसावळला पाठवतात, झोनल रेल्वे ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. सकाळी लवकर उठून परेड, मग वर्ग, संध्याकाळी मॉडेल रूम. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटतं हे काय पाठांतर चाललंय, कारण हातात जी अँड एसआर देतात, म्हणजे जनरल आणि सबसिडिअरी रूल्स, आणि मास्तर रोज उठवून विचारतात. दिवसा लाल झेंडा नसला तर गाडी कशी थांबवशील? दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे. रात्री लाल बत्ती नसली तर? पांढरी बत्ती जोरजोरात हलवायची. गाडी तुटली तर ड्रायव्हरला कसं सांगशील? दिवसा हिरवा झेंडा, रात्री पांढरी बत्ती, जितकी वर जाईल तितकी वर आणि जितकी खाली जाईल तितकी खाली, उभी हलवायची. ड्रायव्हरनं तीन बारक्या शिट्ट्या दिल्या म्हणजे? गार्डनं ब्रेक लावायचा. हे सगळं झोपेतून उठवलं तरी तोंडात आलं पाहिजे, कारण खरंच झोपेतून उठवल्यावरच ते लागतं. दुपारी तीनला, एसी ऑफिसात, चहा पिताना कधी कुणाची गाडी तुटत नाही.

पाठांतराच्या जोडीला ब्लॉक वर्किंग येतं, म्हणजे एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंतच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी कशी ठेवतात ते. ते मॉडेल रूममधे छोट्या रुळांवर दाखवतात, छोटे सिग्नल, छोटे पॉइंट, पलीकडच्या टेबलावर दुसरं स्टेशन, मधे घंटी. तिथं मन लावून बस. मी आधी पॉइंट्समन होतो, आठ वर्षं पॉइंट फिरवले, शंटिंग केलं, तरी मी जे करत होतो ते कशासाठी करत होतो हे मला त्या टेबलावर कळलं. शेवटच्या डब्याला दिवसा एलव्ही, म्हणजे 'लास्ट व्हेइकल', बोर्ड आणि रात्री लाल लुकलुकणारी बत्ती का लावतात ते तिथं कळतं. स्टेशनवरचा माणूस तो बोर्ड बघतो आणि मगच मान्य करतो की गाडी पूर्ण आली, सेक्शन मोकळा झाला. बोर्ड नाही दिसला तर त्याच्या लेखी अर्धी गाडी अजून मागंच आहे, आणि तो मागची गाडी सोडणार नाही. तेवढा एक पत्र्याचा तुकडा लावायला तू विसरलास तर मागचा सगळा सेक्शन उभा. माझ्या बॅचला मास्तर म्हणायचे, बाकी सगळं विसरा पण मागचा डबा विसरू नका.

ब्रेक हा तिसरा मोठा विषय. बी.कॉम.वाल्याला सुरुवातीला जड जातं पण अवघड नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक हवेचा पाइप जातो. त्यात पाच किलोचं प्रेशर असलं की ब्रेक सुटलेले, प्रेशर पडलं की ब्रेक लागतात. म्हणून गाडी मधेच तुटली, पाइप फाटला, की दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो. मालगाडीत इंजिनापाशी ५ किलो आणि ५६ वाघिणींपर्यंत, म्हणजे मालाच्या डब्यांपर्यंत, गार्डच्या डब्यात निदान ४.८ दिसलं पाहिजे, गाडी त्याहून लांब असली तर ४.७. ते बघायला ब्रेकव्हॅनमधे, म्हणजे गार्डच्या त्या शेवटच्या डब्यात, गेज लावायचा. ड्रायव्हर पुढं ब्रेक लावतो, तुझ्या गेजचा काटा पडला पाहिजे, तो सोडतो, काटा परत चढला पाहिजे, याला कंटिन्युइटी म्हणतात. सोबत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, बीपीसी असतं, त्यावर ब्रेकचे किती सिलिंडर चालू, कोणत्या वाघिणी, गाडी नंबर सगळं असतं. ते बाद झालेलं असलं तर तू आणि ड्रायव्हर दोघं मिळून गाडी तपासून जीडीआर, म्हणजे गार्ड-ड्रायव्हर रिपोर्ट, करायचं. भुसावळमधे हे फळ्यावर शिकवतात. फळ्यावर काटा नेहमी बरोबर पडतो.

शाळेतून परत आलास की लाईनवर शिकणं सुरू होतं, जुन्या गार्डबरोबर. खरं ट्रेनिंग हे आहे, आणि मी आता इतकी वर्षं नवीन पोरांना सोबत नेतोय म्हणून ठामपणे सांगतो की पोरगा टिकणार का नाही ते इथं पहिल्या चार ट्रिपांत दिसतं. हुशार किती यावरून नाही दिसत, तर चौथ्या रात्री तीन वाजता, जेव्हा कुणी बघत नाही, तेव्हा तो गेज बघायला वाकतो का 'असणारच पाच' म्हणून जर्नलमधे लिहून मोकळा होतो यावरून दिसतं. गेज बघितल्याशिवाय आकडा लिहिणारा मी एकदा समजावतो, दुसऱ्यांदा समजावतो, तिसऱ्यांदा त्याच्या कागदावर सही करत नाही. मग तो कुणाचाही पोरगा असू दे.

माझ्यासोबत होटगीच्या पुढं कोळशाच्या रेकवर, म्हणजे अख्ख्या मालगाडीवर, एक नवीन पोरगं होतं. आपल्या इथं एनटीपीसी कंपनीच्या (परीक्षेचं नाव वेगळं) वीज प्लॅंटला कोळसा येतो, वाडीकडून सिमेंट येतं, पाकणीला तेलाच्या टाक्या येतात, त्यामुळं सोलापूरच्या गार्डला सगळ्या जातीच्या गाड्या मिळतात, शिकायला चांगला डिव्हिजन आहे. तर त्या दिवशी वळणावर मी त्याला म्हटलं बाहेर वाकून गाडी बघ, सरळ रुळावर तुला फक्त पुढची वाघीण दिसते, वळणावर अख्खी गाडी दिसते, म्हणून वळण आलं की हातातलं सोडायचं आणि बघायचं, आधी एका बाजूनं मग दुसऱ्या. त्यानं बघितलं, म्हणाला काका सगळं ठीक आहे. म्हटलं नाकानं बघ. मग त्याला वास आला, जळाल्यासारखा, पुढून कुठूनतरी. परत नीट बघितलं तर मधल्या एका वाघिणीच्या चाकापाशी बारीक धूर, ब्रेक धरून राहिला होता. वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्या स्टेशनला गाडी घेतली, ती वाघीण मोकळी करून दिली, पंचवीस मिनिटांचं काम. त्या पोराला मी तेव्हा चाकाजवळ नेऊन हाताची पाठ लांबून धरायला लावली, किती धग आहे बघ म्हटलं. असंच ढकललं असतं तर पुढं काय झालं असतं ते वेगळं सांगावं लागलं नाही. आज तो स्वतः पॅसेंजरवर आहे आणि वळणावर वाकतो, मी बघितलंय.

आता एक माझी स्वतःची रात्र सांगतो, कारण तू विचारलंयस की ट्रेनिंगमधलं प्रत्यक्षात कामाला येतं का. कुर्डुवाडी-दौंड मधे सिंगल लाईन होती तेव्हाची गोष्ट, जानेवारी महिना, आपल्याकडं सिद्धेश्वरची गड्डा जत्रा चालू होती. लोड भरलेला कोळशाचा रेक, ५८ वाघिणी आणि शेवटी माझी ब्रेकव्हॅन. केम सोडून पुढं गेलो आणि असा एक हिसका बसला की मी बाकावरून खाली आलो. उठून पहिलं गेजकडं बघितलं, काटा शून्यावर. मग कळलं गाडी तुटली. हवेच्या ब्रेकमुळं दोन्ही भाग उभे राहिले होते. ड्रायव्हर वॉकीटॉकीवर आला, त्याचा असिस्टंट पुढून बत्ती घेऊन चालत आला, मी मागून गेलो. एकेचाळिसाव्या वाघिणीच्या कपलरचा नकल, म्हणजे दोन वाघिणी जोडणारा आकडा, तुटून पडला होता, म्हणजे माझ्याकडच्या तुकड्यात सतरा वाघिणी आणि ब्रेकव्हॅन. बदली नकल बसवायचा प्रयत्न केला, बसेना. कंट्रोलशी, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या मुख्य ऑफिसशी, बोलून ठरलं की पुढचा भाग घेऊन इंजिन पुढच्या स्टेशनला जाईल, तो तिथं ठेवेल आणि मग माझा भाग न्यायला परत येईल.

इथं डोकं गरम असतं, आणि इथंच शाळा कामाला येते. पहिलं, पुढचा भाग हलायच्या आधी मागच्या वाघिणींचे हँडब्रेक कसायचे, हवा गेली की नुसत्या सिलिंडरवर विसंबायचं नाही, उतार असला तर सतरा वाघिणी कोळसा एकटाच निघेल. दगडांवरून चालत एकेक चाक फिरवलं, थंडीत लोखंड हाताला झोंबत होतं. दुसरं, गाडी तोडून न्यायला ड्रायव्हरला लेखी परवानगी द्यायची, टी-६०९ फॉर्म, तो बत्तीच्या उजेडात भरला, तुटलेल्या ठिकाणचा किलोमीटर आणि वाघिणीचा नंबर दोनदा वाचून लिहिला. तिसरं, मागून बंदोबस्त. गाडीपासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. ते डेटोनेटर असतात, वरून चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर उभा राहतो.

अंधारात १२०० मीटर कसं मोजणार? तेव्हा विजेची लाईन नव्हती, म्हणजे खांबावरचे आकडे नाहीत. भुसावळच्या मास्तरांनी प्रत्येकाला स्वतःचं पाऊल मोजायला लावलं होतं, मैदानात दोरी टाकून. माझं अडीच फूट भरलं. १२०० मीटर म्हणजे माझी साधारण १५७५ पावलं. तेव्हा आम्ही पोरं कुरकुरलो होतो की हे कशाला. त्या रात्री उसाच्या फडाच्या कडेनं, लांब कुठंतरी कोल्हे ओरडत होते, मी मोठ्यानं पावलं मोजत गेलो, मोठ्यानं अशासाठी की आकडा चुकू नये आणि भीतीपण वाटू नये. सातशे सत्याऐंशीला एक लावला, पुढं जाऊन तीन लावले. मागचा सेक्शन बंद आहे, मागून गाडी येणार नाही, हे मला माहिती होतं. तरी लावले. नियमात 'मागून गाडी येणार नाही असं वाटत असेल तर सोडून द्या' असं कुठं लिहिलेलं नाही, आणि ते का नाही लिहिलेलं हे जुने अपघातांचे रिपोर्ट वाचलेस की कळेल, ते शाळेत वाचायला लावतात, नुसतं ऐकून सोडू नको, मनापासून वाच. अडीच तासांनी इंजिन आलं. लाल बत्ती दाखवून घेतलं, जोडलं, प्रेशर बनवलं, हँडब्रेक सगळे मोकळे केले का ते परत एकदा चालत जाऊन बघितलं. पहाटे स्टेशनला पोचलो तेव्हा स्टेशन मास्तरांनी पहिला चहा दिला. तसला चहा परत कधी प्यायलो नाही.

पॅसेंजर, एक्सप्रेसवर काम वेगळं. तिथं माणसं असतात. साखळी ओढली की कोणत्या डब्यात ते शोधायचं, आजारी माणूस, बाळंतीण, हरवलेलं लेकरू, पार्सलचा हिशोब, आगीच्या सिलिंडरचा वापर, प्रथमोपचार, हे सगळं ट्रेनिंगमधे असतंच. पण मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाचं आहे हिरवा झेंडा दाखवायच्या आधीचे दहा सेकंद. सिग्नल मिळालाय, वेळ झालीय, ड्रायव्हर वाट बघतोय, आणि तू एकदा अख्खा प्लॅटफॉर्म नजरेनं झाडून घ्यायचा. कुर्डुवाडीला पंढरपूरच्या वारकऱ्यांची गर्दी असते तेव्हा डोक्यावर गाठोडं, हातात काठी, एक पाय पायरीवर एक पाय खाली अशा म्हाताऱ्या आजी असतात. त्या दिसल्या नाहीत आणि झेंडा गेला, तर नंतर कितीही लाल दाखव.

आता आईचं. आईला खोटं सांगू नको. ही नोकरी रात्रीची आहे, दिवसाची आहे, दिवाळीची आहे, आणि सुरुवातीला तर रात्रीचीच जास्त, कारण मालगाडीला टाइमटेबल नसतं. फोनवर कॉल येतो, साधारण दोन तासांत लॉबीत हजर, बोटाचा ठसा, तोंडानं फुंकायची मशीन, दारूचा अंशसुद्धा निघाला तर नोकरीवर येतं. मग आठ-दहा तास, कधी जास्त, तिकडं रनिंग रूममधे, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीगृहात, झोप, परत दुसरी गाडी घेऊन घरी. आठ तासांपेक्षा जास्त काम झालं की बाहेरगावी निदान ८ तास आणि घरच्या ठिकाणी १६ तास विश्रांतीचा नियम आहे, ती विश्रांती झोपूनच काढायची. पहिल्या वर्षी पोरं ती विश्रांती मित्रांत, मोबाईलवर घालवतात आणि मग ब्रेकव्हॅनमधे डोळे मिटतात. झोप हासुद्धा या कामाचा अभ्यास आहे. दुपारी बारा वाजता, बाहेर ४२ डिग्री, गल्लीत लग्नाचा बँड, तरी झोपता आलं पाहिजे. माझ्या बायकोनं खिडकीला जाड सोलापुरी चादर शिवून लावली होती, घरात कुणी कुकर लावला तर आतल्या खोलीचं दार बंद करायचं, पोरांनी दबक्या आवाजात खेळायचं. सत्तावीस वर्षं तिनं माझी झोप सांभाळली. त्यामुळं आईशी बोलताना हे पण बोल की घरच्यांनाही यात भाग घ्यावा लागतो.

मालगाडीची ब्रेकव्हॅन आरामाची जागा नाही, हेही समजून ये. चार चाकांची जुनी असली तर हाडं खिळखिळी करते, उन्हाळ्यात पत्रा तापतो, पाणी स्वतःचं न्यायचं, डबा स्वतःचा. मी अजून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेतो, दोन दिवस खराब होत नाही आणि हात धुवायला पाणी कमी असलं तरी चालतं. पैशाचं म्हणशील तर मूळ पगाराशिवाय किलोमीटरवर भत्ता मिळतो, आम्ही मायलेज म्हणतो, रात्रीचा भत्ता वेगळा, आणि रनिंग स्टाफला पेन्शन काढताना मूळ पगारात ५५ टक्के मिळवून धरत आलेत. पुढं सीनियर गुड्स, पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस असं चढत जातं, लेव्हल सहापर्यंत. परीक्षा देऊन ट्रॅफिक इन्स्पेक्टर होता येतं.

एक गोष्ट लपवत नाही. मालगाडीच्या शेवटी गार्डऐवजी ईओटीटी नावाचं यंत्र लावायचं काम रेल्वेनं हातात घेतलंय, ते मागच्या प्रेशरची खबर थेट ड्रायव्हरला देतं. त्यामुळं पुढच्या वीस वर्षांत मालगाडीवर गार्डची गरज कमी होऊ शकते. माझं स्वतःचं मत असं की यंत्राला प्रेशर कळतं, वास येत नाही आणि रात्री १५७५ पावलं चालता येत नाही. पण मी त्या खुर्चीवर नाही, तू तरुण आहेस, हे माहिती असून ठरव. प्रवासी गाडीवर माणूस लागणारच असं मला वाटतं.

आत्तापासून काय करता येईल म्हणशील तर, जाडजूड मार्गदर्शक घेण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव, रोज पाच किलोमीटर चाल, आणि जमलं तर एखादा रविवार सोलापूर स्टेशनला प्लॅटफॉर्म तिकीट काढून शेवटच्या डब्यापाशी उभा राहा. सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटताना बघ, हुतात्मा एक्सप्रेस सुटताना बघ. गार्ड झेंडा दाखवायच्या आधी कुठं कुठं बघतो ते मोज. कामात नसला तर बोल त्याच्याशी, आमची माणसं सांगतात, फक्त गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटं त्याला बोलवू नको.

आणि डोळे या आठवड्यात तपासून घे. चष्म्याशिवायचा आकडा दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा लिहून घे, रंगाचं काय म्हणाले ते पण, आणि मला कळव. त्यावरून पुढचं कोणत्या पोस्टच्या हिशोबानं धरायचं ते बोलू. क्लासवाल्यानं पैसे परत द्यायला टाळाटाळ केली तर पावती आणि त्याची जाहिरात दोन्हीचे फोटो काढून ठेव, टाकून देऊ नको.